गलबताचा नांगर

नांगराच्या फाळा, लागली गं ओल
माझ्या मच्छिंद्राचा, सोन्यावाणी बोल

पहाटे जात्यावर आईच्या गळ्यातून ही ओवी मी शेवटची ऐकली ती बाहत्तरच्या दिवाळीआधी. जात्यात त्या साली ज्वारी नव्हती, रेशनचा लाल मिलो होता. मिलो दळताना जातं वेगळंच वाजायचं, घसा बसल्यासारखं. आईचा आवाज मात्र ओला होता. अंथरुणात पडल्या पडल्या मच्छिंद्रदादा ओरडायचा, "आये, तुझ्या ओवीनं हीर भरायलीय बघ. अजून दोन म्हण."

"भरली की तूच उपस," आई म्हणायची आणि जातं काही थांबवायची नाही.

आम्ही सुतार. येरमाळ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशीच आमचं घर. अंगणात लिंबाचं झाड, झाडाखाली आबांचा ठोकळा, वाकस, करवत, रंधा. माझे वडील महारुद्र सुतार यांचा नांगर चार गावांत नावाजलेला. महारुद्राच्या नांगरानं जमिनीला दुखत न्हाय, असं म्हातारी माणसं बोलायची. बाभळीचं लाकूड आबा वर्षभर सावलीत वाळवायचे, मग बोटानं टकटक करून कान लावायचे. दाणा आत हलल्यासारखा आवाज आला की म्हणायचे, "अजून पाणी हाय. अजून रडायलंय. ऱ्हाऊ द्या."

नवा नांगर घराबाहेर निघायचा त्या दिवशी आई त्याची ओटी भरायची. हळदकुंकू, मूठभर धान्य, खणाचा तुकडा. "लेक सासरी चालली," आबा म्हणायचे. घरात एक नेम होता. नांगर भुईवर आडवा टाकायचा नाही. भिंतीला नाहीतर झाडाला उभा टेकवायचा. दादाच्या हातून लहानपणी एकदा आडवा पडला, तर आबांनी त्याला नांगराच्या पाया पडायला लावलं होतं. "नांगर टेकवायचा आसतो, टाकायचा नसतो. टाकला की घर पडलं."

बाहत्तर साली नांगर कुणालाच नको होता. बैल छावणीत गेले, छावणीतून कुठं गेले ते कुणी विचारलं नाही. आबा आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. दादाही जायचा. एकोणीस वर्षांचा, हातात वाकस धरली की लाकडातून पाखरू काढील असा, आणि त्याच हातानं दिवसभर दगड. संध्याकाळी तो हात बघत बसायचा. लिंबाला टेकवून ठेवलेला एक अर्धा नांगर होता, त्यानं स्वतः घडवायला घेतलेला पहिला. खालचं खोड तासून झालं होतं, वरची मूठ, म्हणजे रुमणं, बसवायचं राहिलं होतं.

दिवाळी झाल्यावर तो म्हणाला, "म्या ममईला जातो."

"जायचं तर ह्यो पुरा करून जा," आबांनी नांगराकडं बोट केलं.

"कुणासाठी करू आबा? बैल हाईत का गावात?"

दादानं अर्धा नांगर नीट उचलून भिंतीला टेकवला, वर पोतं टाकलं आणि निघाला. मी फाट्यापर्यंत त्याच्या मागं गेले. बार्शीची गाडी लांबून धुरळा उडवत येताना दिसली तेव्हा तो म्हणाला, "मालन, चिठ्ठी टाकीन. तूच वाचून दाखव. आबाला मोठ्यानं वाच, आयला दोनदा वाच."

दादा गेल्यावर घरात वाचता येणारी मी एकटीच. वय बारा.

मुंबईत त्याचं मन लागलं नाही. तिथून तो कोकणात उतरला आणि एका बंदरावर गलबतांच्या डागडुजीला लागला. मग कौलं वाहणाऱ्या एका गलबतावरच त्याला सुतार म्हणून घेतलं. शिडावर चालणारं, यंत्राबिगरचं गलबत. त्यानं लिहिलं होतं, "इथं गलबताला भेगा पडतात. त्यात कापूस कोंबायचा, वर तेल लावायचं, भेग बुजते. आपल्या रानाच्या भेगा अशा बुजवता आल्या असत्या तर मी आलोच नसतो." ही ओळ मी आईला दोनदा वाचून दाखवली, तिनं तिसऱ्यांदा मागितली.

वैशाखात त्याचं आणखी एक पत्र आलं. आबा नुकतेच खडीवरून येऊन ओट्यावर टेकले होते. मी मोठ्यानं वाचलं.

"आम्ही काल नांगर टाकला. आता नारळी पुनवेपर्यंत इथंच. काळजी करू नये."

"काय टाकला?" आबांनी विचारलं.

"नांगर."

"पुन्यांदा वाच."

मी वाचलं. आबांनी भिंतीकडं बघितलं. पोत्याखाली तो अर्धा नांगर उभाच होता.

"टेकवून गेला व्हता. म्हनलं, येईल, पुरा करील. आता टाकला म्हणतोय. कागदावर लिवून."

"आवं, लेकराचा बोल आसंल कसातरी," आई म्हणाली.

"सोन्यावाणी बोल हाय ना तुझ्या लेकराचा? घे. कानात घाल."

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः येरमाळ्याला जाऊन आंतरदेशीय पत्र घेऊन आले. मला समोर बसवलं. "लिव. नांगर टाकलास तर ह्ये घरबी टाकलंस. आमच्या दाराला पाय लावू नगंस. तुझा बाप मेला समज."

आई चुलीपुढं पाठ करून बसली होती. तिची पाठ हलत होती.

आबा सांगत होते आणि मी लिहीत होते. पण मी लिहीत होते ते वेगळंच होतं. मला इतकंच कळत होतं की नांगर टाकला म्हणून आबा रागावले, तर नांगर उचलला की राग जाईल. मी शाळेच्या अक्षरात लिहिलं, "आबा म्हणतात, नांगर उचल आणि घरी ये. लगेच ये."

"वाच," आबा म्हणाले.

त्यांनी सांगितलं होतं तेच मी कागदावर बोट फिरवत पाठ म्हणून दाखवलं. आबांनी खाली अंगठा उमटवला. माझ्या शब्दांखाली त्यांचा अंगठा.

जेठ महिना लागताना कार्ड आलं. गावाचं टपाल शाळेत यायचं, त्यामुळं ते माझ्या हातात पडलं आणि नावही माझंच होतं. पाच-सहा ओळी होत्या. दादा येणार होता. आईला सांगू नको, असं त्यानंच लिहिलं होतं, त्याला एकदम दारात उभं राहायचं होतं. मी ते कार्ड इतिहासाच्या पुस्तकात घातलं. त्यातली एक ओळ मला कळली नव्हती, पण इतक्या आनंदात एखादी ओळ न कळली म्हणून काय बिघडतं.

चार दिवस मी फाट्यावर जाऊन बसले. बार्शीची गाडी यायची, माणसं उतरायची, गाडी जायची.

"रोज फाट्यावर काय गं काम तुझं?" आई म्हणायची. "तिथं काय पाऊस उतरायलाय?"

"उतरंल," मी म्हणायची आणि तोंडावर हात धरून हसायची.

पाचव्या दिवशी गाडीतून चौकीचा शिपाई उतरला आणि त्यानं मलाच विचारलं, महारुद्र सुताराचं घर कुठं.

तारेत थोडंच लिहिलं होतं. वादळ. गलबत बुडालं. वरची सगळी माणसं गेली. नावं चार, त्यात एक मच्छिंद्र महारुद्र सुतार. शिपायानं टोपी काढून हातात घेतली आणि पाणी मागितलं. आईनं त्याला पाणी दिलं. नंतर तिला आठवत नव्हतं की दिलं.

दादा मुंबईला गेल्यापासून त्याच्या नावाची ओवी थांबलीच होती, आता आईनं जात्यावर तोंडच उघडलं नाही. जातं फिरायचं, पीठ पडायचं, ओवी नसायची. मुकं जातं ऐकवत नाही. मी गोधडी कानावर घ्यायची.

त्याच साली पाऊस पडला. रानं भिजली, उरलेसुरले बैल परत आले, लोक नांगर मागायला आले. आबा म्हणाले, "खाट सांगा, दार सांगा, पाळणा सांगा. नांगर न्हाय व्हायचा माझ्या हातनं." लोक बाहेरगावच्या सुताराकडं जाऊ लागले. आबा ज्याला त्याला एकच सांगायचे, अगदी सहज, वाटेवर दगड आहे म्हणून सांगावं तसं. "माझा कागद पोचला त्याला. दाराला पाय लावू नगंस म्हनलो. म्हणून तिकडंच ऱ्हायला, अन् तिकडंच गेला."

मी ऐकायची. पुस्तकातलं कार्ड पुस्तकातच होतं. ते बाहेर काढलं असतं तर आबांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं आणि माझ्या डोक्यावर बसलं असतं. रोज वाटायचं, आज सांगू. रोज काही ना काही आडवं यायचं, आणि नाही आलं तर मी आणायची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षं होत होती. गावोगावी मिरवणुका ठरल्या. एका सकाळी आमच्या अंगणात नानासाहेब गुरुजी आणि सोसायटीचे चेअरमन बब्रुवान पाटील येऊन उभे राहिले. गुरुजी शाळेत आम्हाला इतिहास शिकवायचे. बब्रुवानांचं बोलणं मोठं आणि हसणं त्याहून मोठं.

"महारुद्रा, दुसऱ्या गावांनी किल्ले केलेत, हत्ती केलेत," बब्रुवान म्हणाले. "आपून गलबत करायचं. महाराजांच्या आरमाराचं पहिलं गलबत. सोसायटीची ट्रॉली हाय, तिच्यावर बसवू."

"चेअरमन, तुमच्या सोसायटीच्या हिरीत बेडूक उभा ऱ्हायला तर त्याचे गुडघे भिजत न्हाईत," आबा खाली बघत म्हणाले. "अन् गलबत?"

"म्हणून तर ट्रॉलीवर."

दारातून आईचा आवाज आला. "दुसरं कायबी सांगा त्यास्नी. किल्ला सांगा. त्या पाण्याचं नाव ह्या अंगणात नगं."

गुरुजींनी मान खाली घातली. त्यांना सगळं माहीत होतं. "मालनच्या आई, मलाही सांगवत नव्हतं. पण दुसऱ्या कुणाचा हात तसा नाही." मग ते आबांच्या शेजारी ठोकळ्यावर बसले आणि वर्गात सांगायचे त्याच आवाजात सांगू लागले. महाराजांकडं डोंगर होते, घोडी होती, पण समुद्र दुसऱ्यांचा होता. कल्याण-भिवंडीच्या खाडीत त्यांनी पहिली लढाऊ गलबतं बांधायला घेतली. बांधायला परके कारागीर ठेवले होते, ते काम अर्ध्यात टाकून निघून गेले असं म्हणतात. पुढं ती आपल्याच माणसांनी पुरी केली.

"आपल्या म्हंजे सुतारांनी?" आबांनी विचारलं.

"सुतारांनी, लोहारांनी. दुसरं कोण करणार?"

"त्यास्नी समिंदर ठावा व्हता?"

"कुणाला असेल, कुणाला नसेल."

"नावं काय त्यांची?"

"नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, महारुद्रआबा."

आबांनी वाकसीच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "अर्ध्यात टाकलेलं पुरं केलं व्हय त्यांनी. करतो. बघू तरी पोरानं काय बघितलं ते."

आई आत निघून गेली.

गुरुजींनी कॅलेंडरवरचं एक चित्र दिलं आणि एका कागदावर यादी. चित्रात गलबत लाटांवर होतं. शीड फुगलेलं, खालचा निम्मा भाग पाण्यात. आबांनी ते चित्र लिंबाच्या खोडाला टाचलं आणि कामाला लागले.

शाळेला सुट्टी होती, मी पंधरा दिवस त्यांच्याजवळच बसायची. नांगरासाठी साठवलेली, दुष्काळात तशीच पडून राहिलेली बाभूळ त्यांनी काढली. वाकडी लाकडं निवडली. त्यांच्या बरगड्या केल्या, बरगड्यांवर पातळ फळ्या ठोकल्या. आतून बघितलं की गाभण गाईच्या पोटात बसल्यासारखं वाटायचं. आबा बाहेरून फळ्यांच्या गोलाईवर तळहात फिरवायचे, पुढून मागं, मागून पुढं, आणि मधेच थांबायचे.

"हितं त्याला अवघड गेलं आसंल," ते म्हणायचे. "ह्या वळणाला लाकूड ऐकत न्हाय."

वर्षभरात त्यांनी दादाबद्दल मरणाशिवाय काही काढलं नव्हतं. आता ते रोज काढू लागले. फळीला फळी कशी सांधली आसंल त्यानं. उन्हात केलं आसंल का सावलीत. जेवला आसंल का त्या दिवशी. ज्या बाजूनं ते कधी बघू शकले नव्हते त्या बाजूनं ते आपल्या मुलाला हातानं चाचपत होते.

"आता काय ऱ्हायलं? वाच," एका संध्याकाळी ते म्हणाले.

मी यादी वाचली. "डोलकाठी एक. शीड एक. तोफा दोन. सुकाणू एक. वल्ही आठ. नांगर एक."

आबांचा हात थांबला. "नांगर?"

मी पुन्हा बघितलं. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. "नांगर एक."

आम्ही दोघांनी चित्राकडं बघितलं. चित्रात नांगर कुठं दिसत नव्हता.

"आसणारच," आबा हळूच म्हणाले. "राजा शेतकऱ्यांचा. गलबत जिथं लागंल तिथं उतरायचं, रान फोडायचं, पेरायचं. नुसत्या तोफांनी का राज्य उभं ऱ्हातंय? नांगर संगं न्यायला पायजेच." मग त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "म्हंजे त्याच्या गलबतावरबी व्हता. व्हता, अन् त्यानं टाकला."

मलाही ते खरंच वाटलं. त्या अंगणात नांगर या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता.

आबा उठले. भिंतीपाशी गेले आणि पोतं काढलं. दीड वर्षाची धूळ. दादाचा अर्धा नांगर त्यांनी दोन्ही हातांवर घेतला, निजलेलं लेकरू उचलावं तसा. दोन दिवस दुसरं काही केलं नाही. रुमणं घडवलं, बसवलं. दादाच्या वाकसीचे टवके खोडावर दिसत होते, ते रंध्यानं काढले नाहीत, तसेच ठेवले. लोहाराकडून फाळ आणला. नांगर पुरा झाला तेव्हा आई बाहेर आली. कुणी बोलावलं नव्हतं. हातात हळदकुंकू होतं, मूठभर ज्वारी होती. तिनं नांगराची ओटी भरली. तिचे ओठ हलले. मला वाटलं आता ओवी येईल, पण आवाज आला नाही.

गलबताच्या अगदी पुढच्या टोकाला, जिथून ते पाणी कापतं तिथं, आबांनी तो नांगर उभा बांधला. फाळ पुढं, रुमणं वर.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुजी आणि बब्रुवान ट्रॉली घेऊन आले. शीड आईच्या जुन्या लुगड्याचं होतं, वाऱ्यानं थोडं भरलं होतं. मग बब्रुवान पुढच्या बाजूला गेले आणि त्यांचं ते मोठं हसू फुटलं.

"महारुद्रा, समिंदर नांगरायला चालला व्हय रं? अन् पेरणार काय, बोंबील?"

आबाही थोडं हसले. "गुरुजींनीच लिवलंय. नांगर एक."

गुरुजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. "चूक माझी आहे, आबा. मी उलगडून सांगायला हवं होतं." ते खाली बसले आणि काडीनं धुळीत चित्र काढलं. एक दांडा, खाली दोन वाकडे आकडे, वर कडी. "गलबताचा नांगर हा असा. लोखंडी. दोरखंडाला बांधून पाण्यात टाकतात. तळाला रुतून बसतो आणि गलबत जागचं हलत नाही. नांगर टाकला म्हणजे गलबत मुक्कामाला थांबलं."

आबा त्या धुळीतल्या चित्राकडं बघत राहिले.

"थांबलं," ते म्हणाले. "टाकला म्हंजे थांबलं."

"हो. वादळवाऱ्यात तोच आधार."

"अन् उचलला की?" हे कुणी विचारलं ते मला कळलं नाही. मग कळलं की मीच.

"उचलला की निघालं."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कोण उचलतंय, मालन? जेठ लागायच्या आत सगळी गलबतं नांगर टाकतात, ती नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्यावरच पुन्हा निघतात. तोवर माणसं सुखरूप."

आता नारळी पुनवेपर्यंत इथंच. काळजी करू नये.

आबांना काय कळलं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला काय कळलं ते कुणी बघत नव्हतं. कार्डावरची ती न कळलेली ओळ आता कळली होती. बब्रुवानांचं हसू कधीच विझलं होतं. ते गुरुजींच्या दंडाला धरून म्हणाले, "चला गुरुजी. ट्रॉली ऱ्हाऊ द्या हितंच." दोघं गेले.

आबांनी गलबताच्या टोकाचा दोर सोडला. नांगर काढून घेतला आणि भिंतीपाशी टेकवायला नेला. पण भिंतीशी पोचल्यावर त्यांचे हात सुटले. नांगर भुईवर आडवा पडला. आबांच्या हातून एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आई दारात आली, पण उचल असं कुणी कुणाला म्हणालं नाही. आबा त्या पडलेल्या नांगराशेजारी मातीत बसले.

"मालन, त्यानं काळजी करू नये म्हणून लिवलं व्हतं. व्हय ना?"

"व्हय."

"थांबलोय, सुखरूप हाय, एवढंच सांगत व्हता. अन् म्या काय लिवलं त्याला?"

मी धुळीतल्या त्या वाकड्या आकड्यांकडं बघत होते.

"त्याला वाचता येत व्हतं. त्यानं वाचलं आसंल. बापाचा अंगठा बघितला आसंल खाली." आबांनी आपला अंगठा डोळ्यांपुढं धरला. "पाण्यात जाताना त्याच्या ध्यानात तेच आसंल. दाराला पाय लावू नगंस." मग त्यांनी हात लांब करून वाकस घेतली, अंगठा ठोकळ्यावर ठेवला आणि नुसतं बघत राहिले.

आई धावली. तिनं वाकस धरली. आबांनी ओढून घेतली नाही, सोडलीही नाही. दोघं तसेच, एका वाकसीला धरून.

मी आत गेले. इतिहासाचं पुस्तक फडताळात होतं. कार्ड त्याच पानात होतं, पिवळं पडलेलं. ते घेऊन मी बाहेर आले.

"आबा, तुमी सांगितलं ते म्या लिवलंच न्हाय."

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"दाराला पाय लावू नगंस, ते न्हाय लिवलं. त्याला ते कधीच कळलं न्हाय. म्या लिवलं, आबा म्हणतात नांगर उचल आणि घरी ये. लगेच ये. त्याच्याखाली तुमचा अंगठा घेतला." माझा आवाज आता थांबला असता तर पुन्हा कधी निघाला नसता. "मला वाटलं, आपला नांगर. त्यानं टाकला तर उचलू द्या. मला काय ठावं, आबा."

"त्यो कागद कसला?" आईनं विचारलं.

"त्याचं कार्ड. तार यायच्या आधी आलं."

दोघांच्या हातातून वाकस गळाली.

मी वाचलं. आबांसाठी मोठ्यानं.

"चि. मालनला आशीर्वाद. आबांचा अंगठा बघितला आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आमचा तांडेल, म्हणजे गलबतावरचा म्होरक्या, म्हणतो, पाऊस तोंडावर आलाय, आता कुणी नांगर उचलत नाही, पुनवेनंतर जा. पण आबांनी लगेच ये म्हणून लिहिलंय. उद्या एक गलबत मुंबईला निघतंय, त्यावर सुतार हवाय, म्हणून त्यावर चढतो. तिथून गाडीनं येईन. माझा अर्धा नांगर कुणाला पुरा करू देऊ नको. आईला सांगू नको, मी एकदम दारात उभा राहीन."

मग तेच पुन्हा वाचलं. आईसाठी, दुसऱ्यांदा.

लुगड्याचं शीड वाऱ्यानं भरत होतं आणि रिकामं होत होतं. आबांनी पडलेल्या नांगरावर, दादाच्या टवक्यांवर तळहात ठेवला होता. माझ्याकडं ते बघत नव्हते. मी त्यांच्यापुढं मातीत बसले.

"त्यो तिकडं ऱ्हायला न्हवता, आबा. त्यो घरी यायला निघाला व्हता. म्या बोलावलं त्याला."